दसऱ्याला तुटलेला बोल्ट

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कुकरची शिट्टी होताना मी ओट्यापासून लांब उभी राहते. गाडीवर मागे बसले की नवऱ्याचा शर्ट मुठीत धरते, आणि उतरल्यावर तो चुरगळलेला शर्ट पाहून तो हसतो. त्याच्या मते माझी भीती हा आमच्या घरातला एक वेगळा माणूसच आहे, त्याचंही ताट वाढावं लागतं. हसू दे. मला जे कळतं ते त्याला उशिरा कळतं, आणि त्या वर्षीच्या दसऱ्यापासून तोही हसणं विसरलाय.

आसगावच्या शिवारात आमची धानाची शेती आहे. बांध घालून केलेले धानाचे तुकडे, त्यांना आमच्याकडे बांध्या म्हणतात. बांध्यांच्या खालच्या अंगाला एक बोडी आहे, म्हणजे पावसाचं पाणी अडवलेलं लहानसं तळं. विजेचे खांब अजून तिथपर्यंत पोचलेले नाहीत, म्हणून बोडीतलं पाणी वर चढवायला डिझेलचं इंजिन ठेवलं आहे. एका सिलिंडरचं, जड चाकाचं, हँडल मारून सुरू करायचं. त्याची दुरुस्ती नवरा घरीच करतो. पूर्वी कुणाला तरी विचारून करायचा, आता मोबाइलवर व्हिडिओ बघून करतो. त्या व्हिडिओतल्या माणसांच्या हातात मोजे असतात आणि मागे भिंतभर नट आवळायचे पाने टांगलेले असतात. आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत एक रिंग पान्यांचा संच, पक्कड, छन्नी आणि हातोडा. तेवढं पुरत होतं. एक दसऱ्याचा दिवस सोडला तर.

दसऱ्याला आमच्या घरातलं लोखंड उठत नाही. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, पान्यांचा संच, सगळं धुऊन पुसून देवापुढच्या पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पाणी शिंपडून पूजा उठवतात, तोवर कुणी हात लावायचा नाही. भाजी चिरायची विळीसुद्धा पूजेत असते, म्हणून त्या दिवशी आमच्याकडे डाळच. सासूबाईंच्या माहेरी कुणीतरी पूजेतली कुऱ्हाड उचलली आणि दुपारपर्यंत स्वतःचा पाय तोडून घेतला, असं त्या सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण त्या सांगतात तेव्हा स्वतःच्याच पायाकडे बघतात, त्यामुळे माझा तर पूर्ण विश्वास आहे. हा नेम एकट्या आमच्या घरचा नाही. गावभर तसंच. दसऱ्याला आमच्या गावात पाना मागायला जाणं म्हणजे उपासाच्या दिवशी मटण मागायला जाणं.

त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. धान निसवायला लागलं होतं, लोंबी पोटातून नुकती बाहेर येत होती, आणि बांध्यांमध्ये भेगा पडल्या होत्या. या दिवसांत पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, वरून लोंबी दिसते आणि आत नुसतं फोलपट. म्हणून सासूबाईंनी इंजिनला सूट दिली होती. ते बोडीवर, घरी आणता येत नाही, तर पाणी होईपर्यंत चालू दे, मग त्याला नारळ फोडू. देवाशी असे समझोते त्या सहज करतात.

सकाळी पूजा झाली, सगळं लोखंड पाटावर गेलं, आणि आम्ही दोघं बोडीवर गेलो. इंजिन सुरू झालं पण आवाज नेहमीचा नव्हता. नोझलच्या बाजूने फुसफुस होत होती आणि डिझेलचा फेस बाहेर येत होता. इंजिनमध्ये डिझेलचा फवारा मारणारा तो पितळी दांडा, त्याला नोझल म्हणतात. तो एका पट्टीने आणि दोन बारक्या बोल्टांनी दाबून बसवलेला असतो. खालचा तांब्याचा वायसर, म्हणजे पातळ चकती, झिजला होता. तो बदलून दोन्ही बाजू थोड्याथोड्या आवळल्या की झालं, असं नवराच मला एकदा म्हणाला होता. पण त्या बोल्टांवरच्या नटांना बसणारा छोटा रिंग पाना घरी झेंडूखाली होता.

बोडीवर एकच हत्यार होतं. पंपाचे पाईप आवळायचा हातभर लांब पाईप पाना. तो कायम तिथेच पडून असतो, म्हणून पूजेतून सुटला होता.

मी म्हटलं, राहू द्या, उद्या बघू. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पाईप पान्याचे दात त्या एवढ्याशा नटावर बसवले आणि आवळायला लांब दांडीवर अंग टाकलं. छोट्या पान्याची दांडी छोटी असते ती काही लोखंड वाचवायला नाही. तिच्यावर माणसाने कितीही जोर केला तरी बारका बोल्ट सहन करील तेवढाच जोर लागतो. हे आता मला कळतं. तेव्हा फक्त टक् असा आवाज ऐकू आला, सुपारी फुटल्यासारखा, आणि त्याच्या हातातला पाना एकदम मोकळा झाला. नट आणि बोल्टचा वरचा तुकडा चिखलात पडला. खालचा तुकडा इंजिनच्या डोक्यात, म्हणजे वरच्या जड झाकणात, काठाच्याही आत, धरायला काही शिल्लकच नाही.

त्याने अड्याळच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, आज मशीनची पूजा आहे, उद्या सकाळी डोकं खोलून घेऊन या. शेजारच्या शेतवाल्याला विचारलं, त्यानेही उद्यावर टाकलं. नवरा बांधावर बसला आणि धानाकडे बघत राहिला. ऊन चढत होतं. मला वाटलं, चला, आता घरी जाऊ.

पण तो उठला आणि बोडीवरच्या झोपडीतून तार घेऊन आला. कुंपणाची जाड तार. तुटलेल्या बाजूची पट्टी त्याने तारेने इंजिनच्या डोक्याला बांधायला घेतली. पक्कडही पूजेत, म्हणून तारेत काडी घालून पीळ देत होता. तो पीळ घट्ट होताना बघून मला माहेरचा पत्रा आठवला.

माझं माहेर साकोलीकडे. माझ्या वडिलांचंही असंच इंजिन होतं, आणि ते ठेवलेल्या झोपडीच्या पत्र्याला एक भोक होतं. चालू इंजिनमधून नोझल सुटलं आणि पत्र्यातून पार गेलं, त्याचं भोक. त्या वेळी तिथे कुणी उभं नव्हतं, म्हणून घरात ती गोष्ट हसत सांगत. मी लहानपणी त्या भोकातून येणाऱ्या उन्हाच्या कवडशाखाली कधी बसले नाही. आता इथे एका बोल्टावर आणि कुंपणाच्या तारेवर तेच व्हायचं होतं.

आणि त्यातही वाईट म्हणजे सुरू करायची रीत. इंजिनच्या डोक्यावर एक लहान लिव्हर असते. ती वर केली की आत हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. हँडलने चाकाला चांगला वेग द्यायचा आणि मग पुढे वाकून ती लिव्हर पाडायची. लिव्हर पडली की इंजिन पेट घेतं. म्हणजे नोझल सुटणारच असेल तर नेमकं त्या क्षणी त्याचं तोंड नोझलवर वाकलेलं असणार.

मी सांगितलं. रडत सांगितलं, मग ओरडून सांगितलं. तो म्हणाला, थोडा वेळच चालवायचं आहे, वरच्या बांध्या ओल्या झाल्या की बंद करू. त्याचा आवाज शांत होता, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. चिडलेल्या माणसाला वळवता येतं. तो मला दिसतच नव्हता असं नाही, पण त्याला माझ्यापेक्षा मागचं धान जास्त दिसत होतं.

मग मी जे केलं ते आजही मला माझं वाटत नाही. मी चिखलातून इंजिनच्या पलीकडे गेले आणि नोझल सुटलं तर ज्या दिशेला उडणार तिथे जाऊन उभी राहिले. माझ्या छातीच्या समोर तारेचा पीळ होता.

"बाजूले हो," तो म्हणाला.

"नाही होत."

"धान मरून राहिलं, दिसत नाही का तुले?"

"मरू द्या. तुमचे डोळे गेल्यावर कोनतं धान पाहसान तुमी?"

तो खाली वाकला. हँडल उचललं, चाकाला लावलं आणि फिरवायला लागला. मला वाटलं भेडसावतोय. चाकाचा वेग वाढत गेला, इंजिन फुफ् फुफ् करायला लागलं, माझ्या साडीचा काठ हवेने हलत होता. मी डोळे मिटले. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर एकही आठवेना. फक्त एवढं कळत होतं की हा माणूस ती लिव्हर पाडणार नाही. मी समोर असताना पाडणार नाही.

फुफ् फुफ् हळू झालं, आणखी हळू झालं, आणि थांबलं. मी डोळे उघडले तेव्हा त्याने हँडल चिखलात फेकलं होतं आणि तो बोडीकडे तोंड करून बसला होता. मी जिंकले होते. जिंकल्यासारखं मात्र काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पूजा उठवली, आणि नवऱ्याने पाने घेऊन इंजिनचं डोकं खोललं. गाडीवर बांधून अड्याळला नेलं. तिथे मेकॅनिकने तुटक्या बोल्टच्या मधोमध बारीक भोक पाडलं, उलट्या आट्यांचं हत्यार त्यात फिरवलं, आणि आत बसलेला तुकडा मुकाट्याने बाहेर आला. नवा बोल्ट, नवा वायसर, आणि आवळायला छोटा पाना. पण डोकं परत बसेपर्यंत, त्याखालचं नवं गॅस्केट मिळेपर्यंत पाणी लांबलंच. बाकीचं धान तरलं. सगळ्यात वरची बांधी मात्र पांढरी पडली.

तिथून पुढे माझी दुसरी भीती सुरू झाली. ती बांधी मी घालवली होती. कुणी तसं म्हणत नव्हतं. सासूबाई एकदा शेतावरून आल्या आणि वरची बांधी गेली एवढंच म्हणाल्या, जसं गाय व्याली म्हणावं तसं. नवऱ्याची जेवताना मान खाली, बोलणं कामापुरतं. शर्ट चुरगळला म्हणून हसणंही बंद. मी ताट वाढताना त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि वाटायचं, आज बोलणार. आज म्हणणार, तुझ्या भित्रेपणापायी गेलं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. भाकरी थापताना ते मनात घोळवायची, दर खेपेला जास्त तिखट करत.

धान कापणीला आलं. वरच्या बांधीचं आम्ही वेगळं कापलं, वेगळं मळलं. खळ्यावर मी सुपाने वारा देत होते. सुपातून खाली पडत होतं थोडं आणि वाऱ्याबरोबर जात होतं फार. तो समोर उभा राहून ते उडणारं फोलपट बघत होता. मला वाटलं, आलीच ती वेळ.

"त्या दिवशी मी कायले थांबलो, तुले काय वाटते?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, मी समोर उभी होते म्हणून.

त्याने नाही अशी मान हलवली. "लिव्हर पाडाले हात गेला होता माझा. डिझेलनं बरबटला होता, तो घसरला. दुसऱ्यांदा जाईपर्यंत चाक सुस्त झालं."

मला आधी कळलंच नाही. मग विचारलं, मी तशीच समोर उभी असताना?

"तशीच. डोळे मिटून."

वाऱ्याची झुळूक आली आणि सुपातलं सगळं फोलपट माझ्याच अंगावर उडालं. मी विचारलं, एवढे दिवस का नाही सांगितलं.

"सांगाले भेव वाटत होतं," तो म्हणाला. "आता न सांगता राहाले भेव वाटते."

एवढे दिवस घोळवलेलं तिखट उत्तर माझ्या कामाचं उरलं नव्हतं. मी सूप खाली ठेवलं आणि तिथेच फोलपटावर बसले. तो माझ्यासमोर उभा होता, मी शिव्या द्याव्यात म्हणून वाट बघत. मी दिल्या नाहीत. मला राग आलाच नाही, नुसतं गार वाटत होतं. त्या चिखलात मी डोळे मिटले होते ते त्याच्या भरवशावर, आणि तो भरवसा त्याच्या हाताला लागलेल्या डिझेलवर टिकला होता.

इंजिन आता नीट चालतं. तो हँडल मारायला लागला की मी अजूनही लांब जाऊन उभी राहते, पण डोळे मिटत नाही. त्याच्या हाताकडे बघत राहते.