तिच्या नावाची मूठ

कुणी मोबाइल वर धरला, की अक्कांचा पदर आधी पोरीच्या तोंडावर यायचा. "फोटू नही," म्हणायच्या. एवढंच.

पोर त्यांची नव्हती. जळगावात आमच्या गल्लीत अक्कांच्या माडीवर डाळ मिलमधला एक कामगार बायको-मुलीसह भाड्यानं राहायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा-बायको दोघंही गेली. नातेवाईक आले, रडले, फ्रिज घेऊन गेले. पोर राहिली.

मग मान्यवर येऊ लागले. एकांनी दप्तर दिलं. त्यावर चेनपासून तळापर्यंत त्यांचाच हसरा चेहरा. भाषण रंगात आलं तसं अक्कांनी मध्येच तोडलं, "भाऊ, अनाथ काबर म्हनतस? आम्हनी पोर शे." दप्तर त्यांनी घरी उसवलं आणि उलटं करून शिवलं. चेहरा आत गेला. तुम्ही गल्लीत असतात, तर माझ्यासारखेच खूश झाला असतात.

श्रावणात अक्कांकडे कानबाई देवी बसली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. घरातल्या माणसांच्या नावानं मुठी-मुठीनं गहू काढायचे, दळायचे, त्याचा रोट करायचा आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा. मी शेजारी, म्हणून ओट्यावर चहा. आत पंगत बसली, तशी पोर बाहेर येऊन माझ्याजवळ टेकली.

"तू जेवत नाहीस?"

"रोट घरातल्यांचा असतो ना, काका. माझ्या नावाचे गहू नाहीत त्यात. अक्का काढत होत्या तेव्हा मी तिथंच बसले होते."

गणितातला नियम सांगावा तशी बोलली. मी वर पाहिलं, तर दारात अक्का. पुण्यातल्या मुलाची, सुनेची, सुनेच्या पोटातल्या बाळाचीसुद्धा मूठ त्यांनी काढली होती. हात वर्षानुवर्षांच्या सवयीनं चालत गेला आणि हिच्यापाशी थांबलाच नाही.

त्या आत वळल्या, रोटाचं ताट वाढून निघाल्या. दिरांचा आवाज आला, "वहिनी, कुळना बाहेर रोट देतस का कोनी?"

"मी बी दुसराना घरनीच शे, नाना. माले चालस, तिले काबर नही?"

पण पोरीनं ताट पाहून हात मागे घेतले.

"नको, अक्का. तुमची देवी रागवेल."

दिरांना उत्तर देणाऱ्या अक्कांनी ताट ओट्यावर ठेवलं. त्यांनी मान खाली घातली. मान्यवरांना मनसोक्त हसणारा मी चहाच्या कपात बघत राहिलो.

"मंग काय खाशी?" अक्कांनी शेवटी विचारलं.

"भात."

सणाच्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, अक्कांनी साधा भात टाकला. रोटाचा तुकडाही तोंडात न घालता पोरीसोबत एकाच ताटात ओट्यावर जेवायला बसल्या.

"मीठ कमी शे का?"

"नाही. बरोबर आहे."

एवढासा भात. दोघींना संपेना.