बर्फातलं मीठ

थंडीच्या बाबतीत कोणी शिकवायला गेलं की रुपरावचं डोकं फिरायचं. सत्तावीस वर्षं त्याने नागपुरातल्या नंदनवनच्या गल्ल्यांतून कुल्फीची हातगाडी ढकलली, पण मे महिन्यातल्या भर दुपारीही त्याची कुल्फी कधी पातळ झाली नाही. युक्ती साधी: बर्फात खडेमीठ टाकायचं. मिठाने बर्फ आणखी गार पडतो, हे बापाने शिकवलेलं.

लॉकडाऊनमध्ये गाडी बसली ती बसलीच. शेजारच्या सुहासिनी मॅडम औषधांच्या एका एजन्सीत फार्मासिस्ट होत्या, त्यांनी त्याला तिथे चिकटवून दिलं. काम काय, तर गार ठेवायची औषधं पेटीत घालून स्कूटरवरून पोचवायची. रुपराव म्हणाला, हे तर आपलंच काम.

त्या वर्षी कोरोनातून उठलेल्या माणसांना काळी बुरशी धरत होती आणि तिच्यावरचं इंजेक्शन शोधून सापडत नव्हतं. मॅडमनी बाटली हातात धरून त्याला समजावलं. औषध जहाल, नुसतं टोचलं तर किडनी खराब करतं. म्हणून ते चरबीच्या अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या फुग्यांत भरतात. लायपोसोम म्हणतात त्यांना. फुग्यात बसून औषध बुरशीपर्यंत जातं आणि किडनी बरीचशी वाचते. गार ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही, गोठलं की फुगे फुटतात. रुपरावने मान हलवली. मनात म्हणाला, बाई, तुमचा उन्हाळा एसीत जातो.

मग सावनेरच्या एका दवाखान्यात सहा बाटल्या पोचवायच्या निघाल्या. दामिनी नावाची तिशीतली बाई, बुरशी डोळ्यापर्यंत चढलेली. तिचा नवरा ऋषिकेश चार दिवस दारोदार फिरला, तेव्हा कुठे या सहा मिळाल्या होत्या. पारा पंचेचाळीसवर. रुपरावने पेटीतले गारवा धरणारे जेलचे पॅक बाजूला काढले, बर्फ फोडून भरला आणि वरून दोन मुठी मीठ टाकलं. केलं ते भल्यासाठीच, काय बोलणार!

सावनेरला झाकण उघडलं तर सहाही बाटल्या दगडासारख्या घट्ट. त्याने घाबरून त्या मुठीत दाबून धरल्या. थोड्या वेळात आतलं पिवळट औषध पुन्हा पातळ झालं, होतं तसं दिसू लागलं. दवाखान्यातल्या हर्षा सिस्टरने बाटल्या घ्यायला हात पुढे केला. मागे ऋषिकेश हात जोडून उभा. कोणालाच काही कळणार नव्हतं. पण वितळलेल्या कुल्फीचं पुन्हा दूध होत नाही, हे रुपरावइतकं कोणाला ठाऊक? सांगावं तर नोकरी जाणार. न सांगावं तर फुटलेल्या फुग्यांतलं ते जहाल औषध त्या बाईच्या शिरेत जाणार.

"सिस्टर, हे टोचू नका," तो म्हणाला. "मीनं बर्फात मीठ टाकलं. औषध गोठलं होतं."

ऋषिकेशने त्याची कॉलर धरली. मग सोडली आणि तो पायरीवर बसून रडला. "काहून केलं गा असं?" एवढंच त्याने विचारलं.

मॅडमनी फोनवर त्याची चांगलीच खरडपट्टी काढली, आणि मग दुपारपर्यंत फोन फिरवून दोन बाटल्या मिळवल्या. आणायला दुसरं माणूस नव्हतं. रुपरावच नागपूरला परत गेला, जेलच्या पॅकवर कापडाची घडी टाकून बाटल्या घेऊन आला. या औषधाला मिठाचं पाणी चालत नाही, म्हणून संध्याकाळी सलाईनच्या जागी ग्लुकोजच्या साखरपाण्याची बाटली लावून ते सुरू झालं. पुढे दामिनी वाचली, डावा डोळा मात्र गेला. डोळा आधीच गेल्यात जमा होता असं डॉक्टर म्हणाले. रुपरावला ते अजून पटलेलं नाही.

पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी एजन्सीच्या मालकाने रुपरावकडून पेटी काढून घेतली. तो चपला घालत होता तेवढ्यात मॅडमना सावनेरहून ऋषिकेशचा फोन आला. पुढच्या बाटल्या मिळतील तशा कालच्याच माणसासोबत पाठवा म्हणाला. मॅडमना वाटलं, याचं डोकं ठिकाणावर नाही. काल काय झालं ते विसरलात का, असं त्यांनी विचारलंसुद्धा.

"त्यायलेच पाठवा मॅडम," ऋषिकेश म्हणाला. "खराब झालं त सांगतेत तरी ते."