घेणाऱ्याच्या बाजूची बाई

कल्पना करा, एका अनोळखी कुटुंबाला तुम्हाला घर शोधून द्यायचं आहे. सकाळी नऊला तुम्ही एका रिकाम्या घराचं कुलूप उघडता. आत कोंदट हवा असते आणि भिंतीवर जुन्या तसबिरींचे चौकोन. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर बघायचा, हाताची मागची बाजू भिंतीला लावून ओल शोधायची, खिडक्या उघडून पुन्हा लावायच्या. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसरं घर. असं महिनोन् महिने. पेट्रोल तुमचं, चहा तुमचा, झिजणाऱ्या चपलाही तुमच्याच. त्यांनी घर घेतलं तर तुम्हाला पैसे, नाही घेतलं तर हात हलवत परत.

गोटीताई हे काम बावीस वर्षं करत होत्या. गवंड्याची लेक. बाप लहानपणी सांगायचा, माणूस खोटं बोलतो, जमीन खोटं बोलत नाही. म्हणून ताई प्रत्येक खोलीच्या मध्यभागी काचेची गोटी ठेवून ती कुठे जाते ते बघायच्या. इतर दलाल हसायचे, त्यांनीच हे नाव पाडलं. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. पिशवीत गोट्या मात्र दोन ठेवू लागल्या, एक हरवली तर असावी म्हणून.

त्यांच्या कमाईची रीत जुनी होती. घर विकणारा आपल्या दलालाला शंभरातले पाच द्यायचा. त्यातले अडीच त्या दलालाने घेणाऱ्याच्या दलालाला द्यायचे. अडीचातला लचका आधी ताईंचं दलाली कार्यालय तोडायचं, उरलं ते ताईंचं. त्यामुळे ताई गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगायच्या, माझा तुम्हाला एका पैशाचा भार नाही. हे पैसेही शेवटी घराच्या किमतीतूनच येतात, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मग नियम बदलला. घेणाऱ्याच्या दलालाला पैसे द्यायचं बंधन विकणाऱ्यावर राहिलं नाही. घेणाऱ्यानेच, पहिलं घर बघण्याआधी, आपल्या दलालाला किती देणार ते कागदावर लिहून सही करायची. कार्यालयातल्या साहेबांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा ताईंच्या टेबलावर आपटला आणि बजावलं, सहीशिवाय कुलूप उघडायचं नाही. पण बावीस वर्षं फुकट म्हणून मिरवलेल्या गोष्टीची किंमत सांगायला ताईंची जीभ रेटेना.

त्यातच बसचालक आणि त्याची बायको आली. ती रुग्णालयात परिचारिका होती. बरोबर चालकाची म्हातारी आई. सुनेने पहिल्याच दिवशी सांगितलं, मैत्रिणीकडून कळलं की तुम्ही आमच्यासारख्यांकडून काही घेत नाही. ताईंचा हात पिशवीतल्या कागदापर्यंत गेला आणि तसाच परत आला. आधी घरं तर बघू, असं त्या म्हणाल्या. साहेबांना खोटंच सांगितलं की सही झाली आहे.

पाच महिन्यांत एकोणीस घरं झाली. त्या काळात ताईंचा दुसरा एकही सौदा झाला नाही. त्यांच्या स्वतःच्या भाड्याच्या खोलीच्या मालकाने थकलेल्या भाड्यासाठी महिनाअखेरची मुदत दिली. घरी आई म्हणायची, ‘गावाला घरं वाटत फिर. आपण दोघी रस्त्यावर बसू, तेवढंच हवेशीर.’

विसावं घर स्वस्त होतं, नव्या रंगाचा वास मारत होतं. मागची खोली म्हातारीला फार आवडली. तिथल्या खिडकीशी बसून ती म्हणाली, मी आता इथून उठत नाही बाई. सगळे हसले. ताईंनी गोटी ठेवली. ती क्षणभर थांबली आणि मागच्या भिंतीकडे निघाली. तीनदा ठेवली, तीनदा तिथेच गेली. ताई वाकल्या. भिंत आणि फरशीच्या मधे नखभर फट होती, रंगाने बुजवलेली. पाया खचत होता.

त्या गुडघ्यावर तशाच राहिल्या. तोंड बंद ठेवलं की झालं. सौदा होईल, विकणारा जुन्या रिवाजाने काही ना काही देईल, खोली वाचेल. मागे म्हातारी सुनेला पडद्याचा रंग सांगत होती.

ताईंनी नवरा-बायकोला बाहेर बोलावलं. ‘हे घेऊ नका. मागची भिंत खचते आहे.’

चालकाने विचारलं, मग कुठलं घ्यायचं. ताई म्हणाल्या, सातवं बघितलं होतं ते, थोडं महाग आहे, पण पाया पक्का आहे.

चालक हसला. ‘घर महाग म्हणजे तुमचा टक्काही महाग. नाही का ताई?’

विकणाऱ्याच्या दलालाने त्याला टक्क्यांचा हिशेब त्याच दिवशी फोडून सांगितला होता. ताईंच्या कानशिलांत रक्त चढलं. सगळं स्वच्छ उघड करावं म्हणून त्यांनी पिशवीतून तो कागद काढला आणि पुढे धरला, माझे पैसे काय ते यावर लिहा, म्हणजे मनात शंका नको. पाच महिने न काढलेला कागद नेमका तेव्हा काढला. सुनेने तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. ‘तुम्ही तर एक पैसाही घेत नाही ना?’ एवढंच ती बोलली.

पुढच्या आठवड्यात त्या विसाव्या घरावर ‘विकले’ अशी पाटी लागली; चालकानेच ते परस्पर घेतलं होतं. मधे ताई नाहीत म्हणून त्यांच्या वाट्याचे पैसे किमतीतून कमी झाले होते. सही नव्हती, तेव्हा ताईंना कुणाकडे तोंड उघडायची सोय नव्हती. महिनाअखेरीला त्या आईला घेऊन मावशीच्या स्वयंपाकघरात राहायला गेल्या.

आठ महिन्यांनी चालक कार्यालयात आला. खुर्ची ओढून बसला. मग सांगितलं. भर दुपारी मागची भिंत बाहेर गेली आणि छत आत आलं. आई पलंगावर होती. सुनेच्याच रुग्णालयात अकरा दिवस काढले, मग गेली. घराचे हप्ते अजून सतरा वर्षं आहेत.

मी सांगितलं होतं, हे ताईंच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

‘तुम्ही एकदाच बोललात ताई,’ चालक म्हणाला. भांडणाचा सूर नव्हता. ‘नंतर एक फोन का नाही केला?’

ताई खरं तेच बोलल्या. ‘सही नव्हती. वाटलं, आता तुम्ही माझे कोण.’

त्याने मान हलवली. उठला, खुर्ची जागेवर सरकवली आणि निघून गेला.

आता ताई कागदाशिवाय कुलूप उघडत नाहीत. टक्का घेत नाहीत. घर घ्या नाहीतर घेऊ नका, ठरलेली रक्कम आधी. गिऱ्हाईक कमी झालं आहे. पुष्कळ जण रक्कम ऐकूनच उठतात, घर बघायचे कसले पैसे म्हणतात. ताई वाद घालत नाहीत. पण मावशीच्या स्वयंपाकघरात आईसमोर भाजी निवडताना त्यांचे हात मधेच थांबतात. आई विचारते, काय गं? तेव्हा त्या नेहमी तेच म्हणतात: त्याने पहिल्या दिवशीच पैसे देऊन टाकले असते, तर त्याला माझं बोलणं खरं वाटलं असतं का? आणि मी तरी दुसऱ्यांदा फोन केला असता का?