मस्टरवरची सरू

मंडळी, आज सकाळी नातीच्या धड्यात ‘मस्टर’ हा इंग्रजी शब्द आला. मी निवृत्त इंग्रजी मास्तर, त्यामुळे लगेच फुशारकीनं सांगायला बसलो. हे मुळात क्रियापद. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ ‘दाखवणं’. पुढं सैनिकांना तपासणीसाठी एकत्र उभं करायचे, म्हणून ‘गोळा करणं’. आपण मात्र हजेरीच्या कागदालाच मस्टर म्हणतो.

शेजारी बसलेली आई म्हणाली, "भात्तरच्या दुष्काळात मी तळ्याच्या कामावर हुते, पर मस्टरवर माजं नाव न्हवतं."

मला हे आजवर माहीत नव्हतं.

बहात्तर साली घोडेगावजवळच्या त्या कामावर नवी नावं घेणं बंद झालं होतं. सरू नावाची बाई हगवणीनं गेली, तेव्हा मुकादमानं तिचं नाव खोडलंच नाही. तिच्या जागी आईला उभं केलं. रोज सकाळी "सरू" अशी हाक यायची आणि आई "हाय" म्हणायची.

सरूची आई त्याच टोळीत माती वाहायची.

"हाक आली की म्हातारी वळून बगायची," आई म्हणाली. "लेकीला सोताच्या हातानं माती दिलेली, तरी रोज बगायची."

"तू तिला काही बोललीस का?"

"काय बोलनार? मलाबी पोट हुतं."

नातीनं वहीत अर्थ लिहिला, ‘दाखवणं’. चूक काहीच नाही. पण तुम्हीच सांगा, त्या मस्टरनं त्या म्हातारीला रोज सकाळी काय दाखवलं असेल?