पहिल्या घाण्याचा मान

कॉफीच्या दुकानात दाणे भाजणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली 'शेगडी' म्हणायची. तोंडावर मात्र शेगडीराव. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं म्हणणं म्हणजे नाकावर अन्याय. तो कान, मान, भुवया असा अंगभर ऐसपैस राहायचा. घट्ट न बसणारं डब्याचं झाकण, स्वतःच फोन करून 'कोण बोलतंय' असं विचारणारी माणसं, दार अर्धवट लोटून जाणारं गिऱ्हाईक, या सगळ्यांवर ते सारख्याच निष्ठेने चिडत. पण खरा भडका उडायचा एका प्रश्नाने. कुणी काउंटरवर कोपर टेकून 'कडू लागणार नाही अशी काही आहे का हो?' असं म्हटलं, की शेगडीराव भाजायच्या ड्रममागून डोकं काढत आणि ही जीभ कुठून आणलीत, अशी चौकशी करत.

हाताला मात्र तोड नव्हती. ड्रममध्ये दाण्यांची तडतड सुरू झाली की ते कान लावून उभे राहत आणि घड्याळाकडे न बघता नेमक्या क्षणी झाकण उघडत. तपकिरी दाणे परातीत कोसळले की त्या वासाने रस्त्यावरची माणसं चालता चालता हळू होत. शेगडीराव बोलतात कडू आणि भाजतात गोड, एवढ्यावर दुकान चाललं होतं.

घरी त्यांची बायको. ती लॉन्ड्रीत कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या टाचायचं काम करायची. तिची पाळी सकाळी लवकर आणि यांचं दुकान संध्याकाळी उशिरापर्यंत, त्यामुळे दोघांच्या वाट्याला रोज सकाळची वीस मिनिटं यायची. त्या वेळात शेगडीराव स्वतःच्या हाताने कॉफी करत, ती आपल्या कपात दोन चमचे साखर घाली, आणि दोघं खिडकीशी बसून शेजाऱ्यांची उणीदुणी काढत. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात भांडणाला बंदी असलेली तेवढीच एक जागा.

मग डॉक्टरांनी तिची साखर बंद केली.

दुसऱ्या दिवशी तिने बिनसाखरेचा पहिला घोट घेतला, तो तोंडात तसाच धरला, आणि गिळल्यावर शांतपणे म्हणाली, "अहो, ही कडू आहे."

शेगडीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्याने म्हटलं असतं तर त्याला रस्ता दाखवता आला असता. बायकोला कुठला रस्ता दाखवणार? आधी त्यांनी डॉक्टरला शिव्या घातल्या, मग तिच्या गोळ्यांना. चौथ्या दिवशी तिने कप बाजूला सारला आणि नुसतं गरम पाणी घेऊन, उभ्या उभ्या पिऊन, कामावर निघून गेली. वीस मिनिटांची पाच झाली. शेजाऱ्यांबद्दल एक शब्द नाही.

आता शेगडीराव पेटले. दोष दाण्यांचा, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला फोन करून असं काही फैलावर घेतलं, की त्याने घाबरून उंचावरच्या मळ्यातल्या दाण्यांचं एक पोतं पाठवून दिलं. ती कॉफी घरी आली. कडू. दुसऱ्या मळ्यातली आणली. कडू. मग पाण्याचा नंबर लागला. उकळतं पाणी ओतायच्या ऐवजी जरा निववून ओतलं. दळण जाडसर केलं. गाळणी बदलली. लग्नात आलेली किटली त्यांनी अशा नजरेने माळ्यावर टाकली, की दोष आपल्या माहेरावर आलाय हे बायकोला सांगावं लागलं नाही. रोज सकाळी ते नवा कप पुढे ठेवत, ती एक घोट घेई, आणि मान हलवे. ते स्वतः मात्र तीच कॉफी चवीने पीत. त्यांना त्यात काही खोट सापडत नव्हती, आणि म्हणून तर अंगाचा अधिकच तिळपापड होई.

पंधरवडा असा गेला. मग एका रविवारी बायकोने टेबलावर कागदी पुडी आणून ठेवली. आदल्या दिवशी लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवालीने डब्यातून कॉफी आणली होती, बिनसाखरेची. हिने एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि अख्खा कप संपवला. जिभेवरून मऊ उतरली, म्हणाली, आणि वास तर नाकात संध्याकाळपर्यंत होता. कुठली म्हणून विचारलं तेव्हा इस्त्रीवालीने पुडीच हातात दिली. पुडीवर शेगडीरावांच्या दुकानाचा शिक्का होता.

"ही तुम्हीच भाजता ना?"

"मग आणखी कोण भाजणार?"

"मग घरी कुठली येते?"

शेगडीरावांची छाती फुगली. घरी येतो तो पहिला घाणा, ते म्हणाले. दिवसाचा पहिला घाणा भाजणाऱ्याचा. दुकानाचे जुने मालक, ज्यांच्या हाताखाली ते शिकले आणि ज्यांना ते वस्ताद म्हणत, ते रोज पहिला घाणा पिशवीत भरून घरी नेत. वस्तादांमागे तो मान यांच्याकडे आला. अठ्ठावीस वर्षं एक दिवस चुकला नाही.

तिने विचारलं, की पहिल्याच घाण्यात असं काय असतं. त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगायला घेतलं. सकाळी ड्रम धड तापलेला नसतो, मग एकदम जास्त तापतो, आच हातात येत नाही, दाणे बाहेरून करपतात, म्हणून तो गिऱ्हाइकाला देता येत नाही आणि म्हणून... इथे शेगडीराव थांबले. स्वतःचं वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच नीट ऐकलं होतं.

"विकायच्या लायकीची नसते, म्हणून मला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"मान असतो तो."

"कुणाचा?"

दुसऱ्या दिवशी शेगडीराव तणतणत दुकानात गेले. वस्तादांची मुलगी आता मालकीण होती. तिच्या तोंडून त्यांना या मानाची साक्ष हवी होती. तिने वजनकाट्यावरून मान वर केली आणि म्हणाली, "काका, बाबा ते दाणे जोड्यांच्या कपाटात ठेवायचे. वास जावा म्हणून. तुम्ही काय करता त्यांचं?"

शेगडीराव ड्रमपाशी गेले आणि सबंध दिवस असे काही आदळआपट करत राहिले, की गिऱ्हाइकं दारातूनच मागे फिरली. वस्ताद एका शब्दाने बोलले नाहीत, म्हणून त्यांचा राग आला. मग आठवलं, की आपणही एका शब्दाने विचारलं नव्हतं. सगळ्यात जास्त चीड आली ती जिभेची. दुकानात चमच्याने चाखून चांगलं-वाईट ठरवणारी हीच जीभ, आणि घरी करपलेलं मिटक्या मारत पिणारीही हीच. चांगली कॉफी म्हणजे गिऱ्हाइकांची, आपण घरची माणसं, आपल्याला कसली चोचले करायची सवय, असं काहीतरी तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि त्यात बायकोला धरलं होतं.

पुढच्या दिवशीचा तिसरा घाणा त्यांनी तिच्यासाठी भाजला. ड्रम स्थिर झालेला, आच हाताशी. तडतड विरत आली तसं झाकण उघडलं, दाण्यांवर तेल सुटायच्या आत. पण ताजे भाजलेले दाणे लगेच दळत नाहीत, दोन दिवस मुरू द्यावे लागतात. ते दोन दिवस ती उभ्या उभ्या गरम पाणीच पिऊन कामावर गेली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कप तिच्यापुढे ठेवला आणि जोड्यांच्या कपाटाचं सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं, घोट घेतला, आणि डोळे मिटले. शेगडीरावांना वाटलं, सुटलो.

तिने डोळे उघडले तेव्हा ती पूर्वी कधी नव्हती इतकी संतापलेली होती. वाईट झाली असती तर तिने सोडून दिलं असतं. पण कॉफी अप्रतिम होती. नितळ, सुवासिक, घशाखाली गेल्यावरही मागे काही न बोचणारी. म्हणजे अशी कॉफी असते, नवऱ्याच्या हातात असते, घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर रोज असते, आणि ती अठ्ठावीस वर्षं करपटाण साखरेत बुडवून गिळत होती. साखरसुद्धा त्या कडूपणापायीच गेली पोटात, असं ती म्हणाली. मग आणखी बरंच बोलली. वीस मिनिटं पुरली नाहीत, लॉन्ड्रीला उशीर झाला, तरी ती बोलत राहिली.

शेगडीराव खाली बघून ऐकत राहिले. मधे एकदा तिने न बघता रिकामा कप पुढे सरकवला. त्यांनी तो भरला, आणि तिने तो हातात घेऊन, खिडकीशी बसून, पुढचं बोलणं चालू केलं.