मुरूम नव्हे, चिरमुरे

स्वारगेटहून सांगलीची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर हातभर लांबीची एक पोलादी नळी होती. वर सामानाच्या फळीवर ठेवली असती तर पहिल्याच वळणाला कुणाच्या तरी डोक्यात पडली असती. शेजारी साताऱ्याला निघालेल्या एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. खंबाटकीचा घाट संपेपर्यंत त्यांनी धीर धरला आणि मग विचारलं, "हे नक्की काय आहे?"

मी त्यांना माझा धंदा समजावून सांगितला. पीठ, मसाला, सिमेंट, पशुखाद्य असला कोरडा माल कारखान्यात उंच टाक्यांत भरतात. टाकी भरली हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी आत एक लेव्हल स्विच बसवतात. एका प्रकारात छोटं पातं सारखं फिरत असतं. माल पात्यापर्यंत आला की पातं अडतं, भोंगा वाजतो आणि माल भरणारी मोटर बंद होते. दुसऱ्या प्रकारात दोन दातांचा काटा थरथरत असतो. माल दातांत शिरला की त्याची थरथर थांबते. पातं जड मालासाठी बरं, हलक्या कोरड्या मालासाठी काटा. माझी नळी पात्याला जोडून ते खाली सोडण्यासाठी होती.

"म्हणजे डब्यात हात न घालता डाळ किती आहे ते कळणार," बाई म्हणाल्या. "पण कुठल्या डब्याला काय बसवायचं, ते तुम्ही आधी जाऊन बघत असाल ना?"

मी हो म्हणालो. ते खोटं होतं. अकरा वर्षं मी हे काम पुण्यात टेबलाशी बसून, फोनवर विचारून करत आलो होतो. आणि आता सांगली जिल्ह्यातून एकाच आठवड्यात दोन तक्रारी आल्या होत्या. कंपनीच्या साहेबांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं होतं की दोन्ही यंत्रं परत आली, तर त्यांच्याबरोबर मीही गोदामात बसायचं.

बाई साताऱ्याला उतरल्या. उतरताना त्यांनी मला कंदी पेढ्यांच्या दुकानाचा पत्ता दिला. मी तो लिहून घेतला आणि कराड येईपर्यंत हरवलाही.

दुपारी सांगलीत पोचलो. पहिली तक्रार रावसाहेबांची होती. पत्ता शोधत गेलो तर भट्टीचा धूर, तापलेल्या वाळूचा वास आणि भिंतीला टेकून उभी केलेली माणसाएवढाली फुगीर पोती. मला वाटलं, चुकीच्या जागी आलो. माझ्या वहीत रावसाहेबांच्या नावापुढे 'माल: मुरूम' असं लिहिलं होतं. रस्त्यावर टाकायचा मुरूम जड, खडबडीत. त्याला पातंच योग्य, म्हणून पातं पाठवलं होतं.

रावसाहेबांनी मला टाकीच्या झडपेशी नेलं. आत चिरमुरे होते. पांढरेशुभ्र, कुरकुरीत, वाऱ्याने उडतील असे. आणि त्यांच्या मधोमध आमचं पातं मजेत फिरत होतं. चिरमुरे त्याला काय अडवणार? ते बाजूला सरून त्याला वाट देत होते. टाकी भरून वाहिली तरी पातं फिरतच राहायचं. रावसाहेबांच्या अंगणात तीनदा घोट्यापर्यंत चिरमुरे साचले होते आणि गल्लीतल्या गाई आता ठरल्या वेळी दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या होत्या.

मी वही उघडून दाखवली. रावसाहेबांनी तो एक शब्द दोनदा वाचला.

"मी चिरमुरं म्हनलो हुतो, साहेब. भट्टी सुरू हुती तवा फोन केला तुमाला."

भट्टीच्या घरघरीत अर्धा शब्द जळून गेला होता. रावसाहेब रागावले नाहीत. त्यांनी आपल्या बायकोला, भट्टीवरच्या दोन कामगारांना आणि समोरच्या टपरीवाल्याला बोलावून ती वही दाखवली आणि मग मला मूठभर भडंग देऊन म्हणाले की पुण्याच्या मानानं आमचा मुरूम मऊ हाय. मी पातं काढून पिशवीत घातलं आणि दुसरी तक्रार बघून परत येतो म्हणून निघालो. रात्री लॉजवर भडंगच जेवलो.

सकाळी कवठे महांकाळची गाडी धरली. मिरज मागे पडलं तसा ऊस विरळ झाला. द्राक्षांचे मांडव लागले, बेदाणे वाळवायच्या जाळीच्या शेड लागल्या, आणि लांबच्या पठारावर पवनचक्क्या दिसू लागल्या. दुसरी तक्रार इथल्या एका पशुखाद्याच्या कारखान्याची होती. तो शालनताई चालवतात. घर धनगराचं, एक पिढी आधी सगळं कुटुंब मेंढरांमागे हिंडत होतं. आता त्यांच्या खाद्याची पोती आसपासच्या गोठ्यांत जातात.

कारखान्याच्या अंगणात चाळीस फूट उंच पत्र्याची टाकी होती आणि तिच्या बुडाशी, काठी घेऊन, लाल पटका बांधलेले एक म्हातारे उभे होते. ते शालनताईंचे सासरे, बिरूआण्णा. नमस्कार चमत्कार न करता त्यांनी काठीने पत्रा ठोकला, कान लावला, आणि मला म्हणाले, "टाकी रिकामी हाय. तुमचं यंत्र म्हनतंय भरलीया. आता आमच्यात खोटं कोन बोलतंय ते तुमी सांगा."

शालनताईंनी बाकीची हकीकत सांगितली. स्विच येण्याआधी आण्णा दिवसातून चार-पाच वेळा शिडीने टाकीवर चढून आत डोकावायचे. ते थांबावं म्हणूनच त्यांनी यंत्र मागवलं होतं. पण यंत्र पहिल्याच दिवशी 'भरली' म्हणालं आणि पुढे कधी बदललंच नाही. माल भरायची मोटर सुरूच होईना, म्हणून त्यांनी यंत्राची तार काढली आणि आण्णा पुन्हा चढू लागले. गेल्या सोमवारी वरच्या पायरीवरून त्यांचा पाय सुटला. एका हाताने ते शिडीला लोंबकळत राहिले. खाली आल्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण शालनताईंनी कचेरीच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं.

"मालक गेल्यापासून घरात मोठं मानूस ह्ये एकच हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं यंत्र चालू करून जा, न्हाईतर घिऊन जा. पर मामांना मी आता वर चढू द्यायची न्हाई." (इकडे नवऱ्याला मालक म्हणतात आणि सासऱ्यांना मामा.)

मी खाद्य हातात घेतलं. फोनवर मला 'कोरडी भुकटी' असं सांगितलं होतं, आणि ती दिसायलाही कोरडी होती. मूठ दाबली तर लाडू वळला. त्यात उसाची मळी (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक) होती. काट्याच्या दातांत काय झालं असेल हे बघायची गरजच नव्हती, पण बघावं तर लागणार होतं. म्हणजे वर चढायचं.

इथे मला कबूल करायला हवं की अकरा वर्षांत मी एकदाही टाकीवर चढलो नव्हतो. मला दुसऱ्या मजल्यावरून कपडे वाळत घालतानाही गरगरतं. शिवाय वरची झाकणं कुठली उघडतात हे एकट्या आण्णांना ठाऊक. बराच वेळ वाद झाला. शेवटी शालनताईंनी कारखान्यातला सुरक्षेचा पट्टा आण्णांना बांधला, दुसरा मला बांधला, आणि आण्णांना बजावलं की हे शेवटचं.

पुढे मी, मागे आण्णा. पंधराव्या पायरीवर मी खाली पाहिलं. मी शिडीला मिठी मारून थांबलो.

"खाली नगा बघू," खालून आवाज आला. "म्होरल्या पायरीकडं बघा. मेंढरू बी असंच चढतंय."

मी मेंढरू झालो आणि चढलो.

वर वारा होता. आण्णा पट्ट्याची कडी अडकवून निवांत बसले आणि हाताने दाखवू लागले, त्या टेकडीमागं आमचा वाडा (मेंढरांचा मुक्काम) असायचा, तिथनं कृष्णाकाठी उतरायचो. मी झाकण सोडून कुठेही बघायला तयार नव्हतो. काटा बाहेर काढला. दोन दातांमध्ये मळीत कालवलेलं खाद्य दगडासारखं घट्ट बसलं होतं. टाकी रिकामी असली तरी बिचारा कायम भरलेलाच. त्यात तो बसवला होता माल पडायच्या तोंडाच्या अगदी खाली.

काठावर दुसरं एक बूच लावलेलं भोक होतं. तिथे पातं बसवायचं ठरवलं आणि नळी न जोडता ते आत सोडणार, तेवढ्यात आण्णांनी माझा हात धरला.

"तिथं एवढं वर ठिवलं तर लय उशिरा कळंल. मधी शीग लागती, साहेब. मधी माल झाकणाला भिडतो तवा कडंला हातभर मोकळं असतं."

आमच्या कंपनीच्या पुस्तकात यावर आकृत्यांसकट आठ पानं आहेत. मी ती वाचली होती आणि विसरलो होतो. मी हातभर नळी जोडली आणि पातं खाली सोडलं.

खाली उतरल्यावर शालनताईंनी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम कढी) वाढलं. मी तीन वाट्या प्यालो. मग मोटर सुरू केली. तासभर आम्ही टाकीकडे बघत बसलो. आण्णा मधून मधून उठून पत्रा ठोकत आणि परत येत. शेवटी ते उठले, ठोकलं, कान लावला, आणि त्यांनी बोट वर केलं. त्यांचं बोट वर असतानाच भोंगा वाजला आणि मोटर थांबली.

शालनताईंनी पदराने डोळे पुसले. आण्णा म्हणाले, "एक बोट उशिरा वाजलं. चालंल."

काटा मी गरम पाण्यात भिजवून, तासभर घासून, पुसून वाळवला आणि संध्याकाळच्या गाडीने सांगलीला आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रावसाहेबांच्या चिरमुऱ्यांत बसवला. त्याची थरथर हलक्या मालासाठी जुळवून घ्यायला थोडा वेळ लागला, पण टाकी भरली तसा तो गप्प झाला आणि चिरमुरे भरणारी मोटरही. दाराशी गाई नेहमीच्या वेळी आल्या, वाट पाहिली आणि निघून गेल्या. त्या दिवसापुरता सांगलीत माझ्यावर नाराज असा तेवढाच एक गट होता.

परतीच्या गाडीत पेठ नाक्याच्या पुढे शालनताईंचा फोन आला. मला वाटलं, यंत्र पुन्हा अडकलं. पण यंत्र नीट चालत होतं. शिडीच्या खालच्या पायऱ्या त्यांनी काढून टाकल्या होत्या. आण्णा जमिनीवरच होते, फक्त भोंगा वाजला की काठी घेऊन टाकीशी जात, ठोकून बघत आणि मान डोलवून परत येत.

"यंत्रावर इश्वास न्हाई व्हय त्यांचा?" मी त्यांच्याच बोलीत विचारायचा प्रयत्न केला.

त्या हसल्या. "मामा म्हनत्यात, नवीन हाय त्ये. दोन म्हैने आपल्या हाताखाली शिकू द्या."

फोन ठेवला आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. मीही आण्णांच्या हाताखाली जेमतेम एक दुपार काढली होती. मला ती अकरा वर्षांपूर्वीच काढायला हवी होती. पिशवीतून वही काढली, रावसाहेबांच्या नावापुढचा मुरूम खोडला आणि नीट, सुवाच्य अक्षरात चिरमुरे लिहिलं.