मारुतीचा हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही, देवापुढं हात जोडले तेव्हाही हे तेवढं वगळूनच जोडले. तुम्हालाच का सांगतोय ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं मला पुरे. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती माझ्यात नाही — तेव्हाही नव्हती.

मारुती माझ्याच तालुक्यातला. कतारला आम्ही एकाच विमानानं गेलो आणि मेसईदच्या कॅम्पात एकाच खोलीत पडलो. तिथं तेव्हा एका मोठ्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. मी पाइप फिटर. तो रिगर — म्हणजे अवजड माल क्रेनला बांधायचा, दोर हातात धरून तो वर जाईपर्यंत तोलायचा. माझी मॅट्रिक झालेली, त्यामुळं साइटवर चालेल एवढं इंग्रजी माझ्याकडं होतं. मारुतीकडं ते नव्हतं. मारुतीकडं कबड्डी होती.

हसू नका. बायकापोरं तिकडं, आम्ही इकडं, आणि शुक्रवारची अख्खी सुट्टी समोर. करायचं काय? कॅम्पामागची खारी जमीन आम्ही फोडली, वाळू चाळून शिंपले काढले आणि मैदान केलं. आमच्या कंपनीतले इंजिनियर जोशीसाहेब पुण्याचे. त्यांनी खटपट करून बनियन मिळवून दिले. दुखानच्या तेलविहिरींवरची मंडळी त्यांच्या मोटारी घेऊन खेळायला यायची, दोह्याहून एक संघ यायचा. गर्दी म्हणजे काय सांगू! पाण्याच्या टाक्यांवर चढून माणसं बघायची.

मारुती डाव्या कोपऱ्यात खेळायचा. त्याच्याशेजारी मी. कोपऱ्यातला गडी आणि त्याच्याशेजारचा हातात हात धरून उभे राहतात, ती साखळी. चढाई करणारा आत शिरला की कोपऱ्यातला त्याच्या घोट्यावर झेप घेतो, आणि शेजारचा तो हात न सोडता वळसा घालून वाट बंद करतो. शेजारच्यानं धरून ठेवलंय या भरवशावर कोपऱ्यातला अंग झोकून देतो. हात सुटला तर तो एकटाच वाळूत तोंडावर आपटतो आणि आलेला पाहुणा मधली रेषा ओलांडून पसार होतो. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं, की हात सुटला. कुणाचा सुटला ते नाही दिसत.

लागलात ना ओळखायला? जरा थांबा. मला माझ्या चालीनं येऊ द्या.

मारुतीचा खेळ एका शुक्रवारी असा, की बघतच राहावं. दुखानवाल्यांचा तो उंचापुरा गडी त्यानं असा आडवा केला होता, की त्यांचीच माणसं टाळ्या वाजवत होती. आणि पुढच्या शुक्रवारी? झेप चुकतेय, पकड निसटतेय, गडी हातातून जातोय. मग संध्याकाळी मेसमध्ये भांडण. मारुतीला ठेवायचा की काढायचा? दोन तट पडले होते अक्षरशः. जेवायला बसायची टेबलंसुद्धा वेगळी झाली. एक म्हणायचे, असला गडी कतारात दुसरा नाही, एखादा दिवस वाईट जातोच. दुसरे म्हणायचे, आम्हाला एखादा दिवस चमकणारा नको, रोज उभा राहणारा पाहिजे. कुणी म्हणायचं घरून पत्र आलं की त्याचं चित्त उडतं, कुणी म्हणायचं उन्हात दोर ओढून खांदा गेलाय. आमचे मालवणचे आचारी तात्या — त्यांनी तर त्याला दृष्ट लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळून मेसच्या शेगडीत टाकल्या. ठसक्यानं अख्खा कॅम्प बाहेर पळाला. मारुती मात्र डोळे पुसत तिथंच उभा राहिला — न जाणो, गुण येईल.

आणि त्याच्या बाजूनं सगळ्यांत मोठ्यानं भांडायचं कोण? मी. टेबलावर मूठ आपटून सांगायचो, मारुतीला काढाल तर मीही खेळणार नाही. लोक म्हणायचे, दोस्त असावा तर असा.

तर ऐका आता. हात मी सोडत होतो.

पहिल्यांदा खरंच निसटला, घामानं. शपथ घेऊन सांगितलं असतं, पण माझ्या शपथेला विचारतो कोण? मारुती उठला, तोंडातली वाळू थुंकला आणि हात वर करून म्हणाला, माझी चूक. आमच्या गावाकडं तशीच रीत आहे, ज्याची चूक त्यानं हात वर करायचा, पंचानं विचारायची वाट बघायची नाही. त्याला वाटलं त्याचाच हात सुटला. सगळे त्याच्यावर ओरडले. मी गप्प राहिलो. तेवढ्यावर थांबलो असतो तर ही साधी गोष्ट होती. पण ते ओरडणं ऐकताना मला बरं वाटलं हो. फार बरं वाटलं.

का? त्यानं माझं काय घोडं मारलं होतं? काही नाही. माझा ताप उतरेना तेव्हा त्यानं माझे कपडे धुतले होते. पण जोशीसाहेब दुखानवाल्यांपुढं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, हा आमचा मारुती! आणि मला — साखळी माझीही होती की नाही? — मला म्हणायचे, अरे तू, काय रे नाव तुझं, जरा पाणी आण. एवढंच. एवढ्यासाठी. यापेक्षा मोठं कारण शोधून शोधून थकलो मी, सापडलं नाही.

मग मी सोडायला लागलो. नेहमी नाही — नेहमी सोडला असता तर कुणाला तरी संशय आला असता. कधी घट्ट धरायचो आणि तो वाघासारखा खेळायचा. कधी त्याची झेप सुटली की बोटं नुसती सैल करायची. झालं. ठरवून नव्हतो करत — छे, ठरवूनच करत होतो. आता इथवर येऊन कशाला लपवू?

मारुतीनं काय काय केलं त्या हातासाठी! तळव्याला वाळू चोळायचा. खोलीत बसून ओला पंचा पिळत राहायचा, मनगट सुजेपर्यंत. कंपनीच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरनं हात दाबून बघितला, बोटं वळवून बघितली आणि हातात काहीही दोष नाही म्हणाला. ते मीच त्याला मराठीत सांगितलं. मारुती म्हणाला, "डाक्टरला काय कळतंय? मला कळतंय की सुटतोय ते." मी मान हलवली.

दोह्याच्या मोठ्या सामन्यांसाठी संघ निवडायची वेळ आली, तेव्हा आमचे कप्तान कदममामा मला बाजूला घेऊन गेले. मामा क्रेन चालवायचे, मारुतीनं बांधलेला माल तेच उचलायचे. माणूस सरळ. म्हणाले, "बाकीचे नुसते बडबडतात. तू त्याच्याशेजारी असतोस. खरं सांग, त्याचा हात सुटतो?"

बघा, किती सोपं केलं होतं मामांनी. एक शब्द. माझं नावही आलं नसतं, नुसतं 'नाही' म्हणायचं होतं.

"सुटतो, मामा," मी म्हणालो. आणि वर डोळ्यांत पाणी आणलं.

मारुतीला काढलं. मी खेळलो. टेबलावर मूठ आपटणारा मी, दोह्यात जाऊन खेळून आलो. आम्ही हरलो, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

एवढं झाल्यावर तरी संपेल असं वाटलं होतं मला. संघातून गेला, आता विसरेल. पण तो हातावरचा अविश्वास त्याच्याबरोबर साइटवर गेला. दोर धरला की घाबरायचा. एका हातानं धरायचा तिथं दोन हातांनी आवळायचा, मध्येच थांबायचा. एक दिवस मला म्हणाला, चल माझ्याबरोबर, फोरमनला सांग. फोरमन गोरा होता, त्याला इंग्रजीशिवाय काही कळत नव्हतं. मारुती म्हणाला, "सांग त्यास्नी, माझ्या हाताचा भरवसा राहिला न्हाई. खाली माणसं असत्यात. मला दोरावरनं काढा, दुसरं कायबी द्या."

आणि मी सांगितलं. सर, ही सेज, हिज हँड नो गॅरंटी. त्याचं म्हणणं जसंच्या तसं. मध्ये माझी एक ओळ घालता आली असती — सर, हात चांगला आहे, मला ठाऊक आहे. मला ठाऊक होतं ना? जगात फक्त मलाच ठाऊक होतं. फोरमननं त्याच्या हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याला येत असलेला एकुलता एक अरबी शब्द म्हणाला. खलास.

हाताचा भरवसा नसलेला रिगर कोण ठेवील? आठवड्याभरात त्याला परत पाठवलं. बस सुटताना त्यानं खिडकीतून मला सांगितलं, तात्यांना म्हणावं, तुमच्या मिरच्यांचा दोष नाही, माझ्याच नशिबाचा आहे.

मी पुढं बरीच वर्षं कतारात राहिलो. मारुती आता नाही, साध्या तापानं गेला. तेव्हा कुणापाशी जाऊन कबूल करायचं हा प्रश्नही उरला नाही. पण तो असताना एकदा मी त्याच्या घरी गेलो होतो, सुट्टीवर आलो तेव्हा. ते सांगतो आणि थांबतो.

अंगणात बसला होता. मला बघून एवढा आनंदला! कॅम्पातल्या एकेकाची चौकशी केली. आमची साखळी कशी होती, ते शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. विहिरीवर जात नाही म्हणाला, पोहरा ओढत नाही, झाडावर चढत नाही. सहज सांगितलं, कुणी गोड खात नाही म्हणावं तसं. त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली. काखेत त्यांचं पहिलं पोर, दोन-तीन महिन्यांचं असेल. मला म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी सांगा यांना. जन्मल्यापास्नं लेकराला एकदा घेतलं नाही. लांबनं बघत्यात नुसतं."

मारुती ओशाळला. दोन्ही हात मांडीखाली घेतले त्यानं. म्हणाला, "आगं, सुटलं म्हंजी?" मग माझ्याकडं बघून हसला — जोशीसाहेबांनी पाठीवर थाप मारली की हसायचा तसाच — आणि बायकोला म्हणाला, "याच्यापाशी दे. याचा हात पक्का हाय."

तिनं लेकरू पुढं केलं. मारुती मान पुढं काढून बघत होता. सांगायचं ते सगळं माझ्या जिभेवर होतं, ऐकणारा समोर होता.

मी हात पुढं केले आणि लेकरू घेतलं. चहा निवेपर्यंत धरून बसलो.